पेट्या भाड्याने मिळतील, धुऱ्यावरचा वड कुठून आणणार?

फेब्रुवारी संपत आला की रिसोड तालुक्यातली काही शेते लांबूनच पांढरी दिसू लागतात. नवख्या माणसाला वाटते, उशिराचा कापूस असेल. तो असतो बीजवाई कांदा. दिवाळीच्या आसपास निवडक कांदे जमिनीत लावायचे, त्यांना दांडे फुटू द्यायचे, दांड्यांवर चेंडूएवढे पांढरे गोंडे आले की त्यात बी भरण्याची वाट पाहायची आणि उन्हाळ्याच्या तोंडी काळे बी झोडून काढायचे, असे हे पीक. सोयाबीन, तूर आणि हरभरा यांच्यावर जगणाऱ्या या मुलखात त्याने बऱ्याच घरांना चार पैसे दाखवले. कांद्याचे बी वर्षभरातच जुने होते, त्याची उगवण घटते. त्यामुळे ते दरवर्षी नवे लागते. २०२० साली बियाण्याची इतकी ओढाताण झाली की ऑक्टोबरात केंद्र सरकारने कांदा बियाण्याची निर्यातच थांबवली होती.

गोंडे फुलण्याच्या दिवसांत या शेतांमध्ये एकच चौकशी चालू असते. माशी बसते का? माशी म्हणजे मधमाशी. गेल्या हंगामात ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभा होतो. दोन एकर बीजवाई, पाणी वेळेवर, खत वेळेवर, गोंडे भरदार. तरी माणूस चिंतेत. म्हणाला, "माशीच नाई बसत भाऊ, तं बी कसं भरन?" त्याने मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणायचे ठरवले होते. पेट्यावाला दुसऱ्या तालुक्यातून यायचा होता आणि त्याच्याकडे आधीच मागण्यांची रांग होती. तोवर घरातली माणसे सकाळी गोंड्यांवरून हलका हात फिरवत होती. मधमाशीचे काम माणसाने करायचे. ते होते, पण माशीसारखे होत नाही.

हे असे का होते, याचे उत्तर शोधायला गेले की आपण कांद्याच्या वावरातून निघून थेट वडावरच्या वटवाघळांपर्यंत पोहोचतो. म्हणून हा लेख.

कांद्याला माशी का लागते?

कांद्याच्या एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात आणि ती एकदम उमलत नाहीत. दोन-तीन आठवडे रोज थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात. पण त्यांची वेळ जुळत नाही. परागकण आधी सुटतात आणि ते संपल्यावर मग त्याच फुलाचा मादीभाग पराग घ्यायला तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग स्वतःला वापरता येत नाही. तो दुसऱ्या फुलाकडून यावा लागतो. कांद्याचा पराग चिकटसर, वाऱ्याने फारसा उडत नाही. कुणी तरी तो उचलून न्यायला हवा. एका फुलात जास्तीत जास्त सहा बिया भरतात. माशी कमी आली तर कमी भरतात, आलीच नाही तर टरफल राहते. शेतकऱ्याच्या भाषेत गोंडा पोकळ निघतो.

आता यातली खरी अडचण. कांद्याच्या फुलातल्या मधुरसात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते आणि मधमाशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी दुसरे काही फुललेले असेल तर ती कांद्याला सोडून तिकडे जाते. म्हणून पेट्या आणून ठेवल्या की काम झाले, असे नसते. पेटीतली माशी उडते, पण कांद्यावरच बसेल याची हमी पेटीवालाही देत नाही. काही जण गुळाचे पाणी फवारतात, काही जण कडेला मोहरी आणि कोथिंबीर लावतात. मोहरीने माशी शेताकडे येते हे खरे. कधी कधी ती मोहरीवरच रमते, हेही खरे.

भरवशाची माशी ती, जी आधीपासून परिसरात राहते आणि संख्येने इतकी असते की आवडीचे फूल सगळ्यांना पुरत नाही. मग काही जणींना कांद्यावर यावेच लागते. आपल्याकडे अशा माश्या चार-पाच प्रकारच्या. उंच झाडाच्या फांदीला उघडे पोळे लटकवणारा आग्या. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात राहणारी सातेरी. झुडपात तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी. डंखच नसलेली बारीक पोया. शिवाय एकट्याने राहणारे भुंगे आणि जमिनीत बिळे करणाऱ्या कितीतरी माश्या, ज्यांना मराठीत धड नावेही नाहीत. तुरीच्या शेतात काळाभोर भुंगा फुलावर बसून फूल दाबतो, ते पाहिले असेल. तुरीचे घरचे बी राखणाऱ्या माणसाला त्या भुंग्याची करामत माहीत असते. शेजारच्या वावरातला वाण आपल्या वाणात मिसळतो, तो याच्यामुळेच.

या सगळ्यांना पेटी लागत नाही. लागते ते राहायला झाड आणि वर्षभर खायला फूल. आणि इथेच आपले चुकते. बीजवाई कांदा तीन आठवडे फुलतो. उरलेले एकोणपन्नास आठवडे या माश्यांनी काय खायचे?

पूर्वी हे गणित धुऱ्याने सोडवले होते. माघ-फाल्गुनात पळस आणि काटेसावर, मग कडुनिंब, करंज, जांभूळ, उन्हाळा सरता सरता चिंच, पावसाळ्यात बांधावरची रानफुले, आश्विनापुढे तूर. एक संपले की दुसरे. आज सोयाबीन ऑगस्टमध्ये फुलते, पण त्याचे फूल बहुतांशी आपले आपणच फळते आणि माशीच्या पोटाला त्यातून फारसे मिळत नाही. पावसाळी रानफुलांवर तणनाशक पडते, धुऱ्यासह. एक जेसीबी आला की पिढ्यान् पिढ्यांचा धुरा एका दिवसात सरळ होतो आणि दोन तास ओळीने पेरता येतील एवढी जागा वाढते. उरल्यासुरल्या माश्यांना फवारणी. ती सकाळी होते, कारण सकाळी ऊन कमी असते आणि मजूर तेव्हाच मिळतात. माशीही नेमकी तेव्हाच फुलावर असते. हीच फवारणी माणसांना काय करते, हे २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. तिथे विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. माशी किती गेली, हे मोजायला कुणी नव्हते.

रात्रीची पाळी

एवढे वाचून कुणालाही वाटेल की परागीभवन म्हणजे मधमाशी आणि विषय संपला. वर्तमानपत्रांतही तेच छापून येते. पण उष्ण कटिबंधातली गोष्ट वेगळी आहे. थंड प्रदेशांत सपुष्प वनस्पतींपैकी सुमारे ७८ टक्के परागीभवनासाठी प्राण्यांवर अवलंबून असतात. उष्ण कटिबंधात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या घरात जाते, असा २०११ मधला एक जागतिक अंदाज आहे. वारा इथे फार कमी झाडांच्या कामी येतो. आणि इथे हे काम दिवसा संपत नाही. दिवस मावळला की पाळी बदलते.

रात्री फुलणारी फुले ओळखायला सोपी. रंग पांढरा, पिवळट किंवा मळकट, कारण अंधारात लाल-निळ्याचा उपयोग नाही. वास उग्र, कधी आंबूस. पतंगांसाठी फुलणारी फुले नाजूक, लांब नळीची, सुगंधी असतात. वटवाघळासाठी फुलणारे फूल दणकट, उघडे, भरपूर रसाचे आणि पानांच्या गर्दीपासून बाहेर काढलेले असते, कारण येणारे पाहुणे जड असतात आणि पंख मोठे असतात. जगभरात वटवाघळांकडून परागीभवन होणाऱ्या सुमारे ५२८ वनस्पती जातींची नोंद झाली आहे. मेक्सिकोतल्या टकीला या मद्याचा आधार असलेला अगेव्ह, आग्नेय आशियातला ड्युरियन ही त्यातली गाजलेली नावे. आपल्या भागात हल्ली ज्याच्या बागा वाढत आहेत ते ड्रॅगन फ्रूटही मूळ मुलखात रात्री फुलून वटवाघळे आणि मोठे पतंग यांच्याकडून फळते. इथे अनेक बागायतदार रात्री बॅटरी लावून ब्रशने तेच काम करतात. कांद्याच्या गोंड्यावर हात फिरवणे आणि ड्रॅगनच्या फुलात ब्रश फिरवणे, दोन्ही एकाच आजाराची लक्षणे आहेत.

महाराष्ट्रात फळे आणि मधुरस खाणारी तीन वटवाघळे सर्रास दिसतात. मोठ्या झाडावर दिवसभर उलटे लटकलेले, कोल्ह्यासारख्या तोंडाचे मोठे वटवाघूळ सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरे लेण्या, जुन्या विहिरी आणि पडके वाडे धरून राहते. तिसरे आखूड नाकाचे, ताडाच्या किंवा अशोकाच्या पानांत कुरतडून तंबू करणारे. घराच्या अंगणात रात्री पेरूची साल आणि चघळून टाकलेला चोथा पडलेला असतो, तो बहुधा याचा. घरात शिरणाऱ्या बारीक पाकोळ्या यांच्यापैकी नव्हेत, त्या किडे खातात. लोक सगळ्यांना एकाच नावाने हाकलतात, म्हणून हे सांगायला हवे. आणि एक गैरसमजही दूर व्हावा. मोठे वटवाघूळ आंधळे नसते. त्याचे डोळे उत्तम असतात, नाक त्याहून. फूल ते बघून आणि हुंगूनच शोधते.

या वटवाघळांचे सगळ्यात मोठे काम मोहावर चालते. मोहाचे फूल रात्री पिकते आणि पहाटे गळते. आपण वेचतो ती खरे तर फुलाची गोड, मांसल पाकळी. फळ धरणारा भाग मागे झाडावरच राहतो. म्हणून फुले वेचली तरी टोळंबी धरते. वटवाघूळ रात्री झाडावर येते, ती पाकळी तोंडाने ओढून खाते आणि खाताना डोके, मान, छाती परागाने माखून घेते. मग पुढच्या झाडावर जाते. दक्षिण भारतात मोहाच्या झाडांवर रात्र रात्र बसून अभ्यासकांनी हे तपासले आहे. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे मोहफुलावर घरे चालतात. त्या घरांना वटवाघूळ काय देते, याचा हिशेब कुठल्याही योजनेच्या कागदात नाही. काटेसावरीवर दिवसा मैना आणि कावळे असतात, रात्री वटवाघळे. टेटू आणि गोरखचिंच हीसुद्धा त्यांचीच झाडे.

मधमाशी रात्री झोपते, ही समजूतही पूर्ण खरी नाही. आग्या चांदण्या रात्री फुलांवर जातो. आणि पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकर अभयारण्यात तर याहून नवल सापडले. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी तिथे एका भुंग्याचा अभ्यास केला, जो अमावस्येच्या अंधारातही उडतो आणि ताऱ्यांच्या उजेडात रंग ओळखून आपले बीळ शोधतो. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पूर्ण अंधाऱ्या रात्री उडणारी अशी दुसरी माशी तोवर जगात माहीत नव्हती. सह्याद्रीतला वारस हा वृक्ष रात्री फुलतो, त्याच्या फुलांवर हे निशाचर भुंगे येतात. आपल्या राज्यातली ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकात असती तर बरे झाले असते.

ऋषिवट आणि केंबरे

रिसोडचे जुने नाव ऋषिवट, असे इथे सांगितले जाते. बातम्यांत अजूनही कुणी कुणी 'ऋषिवटनगरी' लिहितो. नावात वड आहे आणि वटवाघळाच्या नावातही वड आहे. हा योगायोग म्हणा, पण वड हे असे झाड आहे की ज्यावर दिवसपाळी आणि रात्रपाळी एकमेकींना भेटतात.

उंबर फोडले की केंबरे निघतात, हे आपल्याला म्हणीतून माहीत आहे. म्हण लपवलेल्या दोषाबद्दल आहे, पण केंबरे हा दोष नाही, तेच उंबराचे मजूर. वड, पिंपळ, उंबर यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत, नजरेआड असतात. उंबराचे फूल दिसत नाही म्हणतात ते त्यामुळे. एक-दोन मिलिमीटरची गांधीलमाशीची मादी वरच्या बारीक छिद्रातून आत शिरते, शिरताना बहुधा पंख गमावते, आतल्या फुलांना आणलेला पराग लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पुढची पिढी आतच वाढते. त्यातल्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या झाडाचे कोवळे फळ शोधतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. एकीचे काम दुसरी करत नाही. बाहेर पडलेल्या मादीकडे जेमतेम एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिच्या आवाक्यात त्याच जातीचे, नेमक्या अवस्थेतले दुसरे झाड असायलाच हवे. एखाद्या गावचा वड तोडला तर ते एक झाड गेले असे आपण धरतो. माशीच्या हिशेबात पूल तुटलेला असतो.

केंबऱ्यांनी बी धरले, आता ते न्यायचे कुणी? वडाचे बी राईपेक्षा बारीक; झाडाखाली पडून ते क्वचितच वाढते. पिकलेली फळे खायला पक्षी येतात आणि रात्री वटवाघळे. बी पोटातून जाते आणि दूरवर, उडता उडता पडते. विहिरीच्या कठड्यातून, गढीच्या बुरुजातून, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यातून वड उगवतो तो असा. फळे खाणारे मोठे वटवाघूळ एका रात्रीत कित्येक किलोमीटर फिरते. आणि त्याच वडाच्या उंच फांदीला आग्याचे पोळे असते. तो आग्या फेब्रुवारीत कांद्यावर येतो.

म्हणून मी म्हणतो की बीजवाईची माशी आणि वडावरचे वटवाघूळ हे दोन प्रश्न नाहीत. एका झाडाखाली दोघांचाही पत्ता आहे.

मग लोकांना ती नकोशी का?

तक्रारी खोट्या नाहीत. पेरू, चिकू, केळी यांच्या बागेत वटवाघळांचा थवा रात्रीत नुकसान करतो आणि त्याची भरपाई कुणी देत नाही. गावठाणातल्या झाडावर वसाहत असली की खाली विष्ठा, वास, पहाटेचा कलकलाट. ज्याचे घर त्या झाडाखाली आहे त्याला परागीभवन सांगून उपयोग नाही, त्याच्या पत्र्यावर रोज काय पडते ते तोच जाणतो. आग्याचे तसेच. पोळे उठले की माणसे दवाखान्यात जातात, बैल दावे तोडून पळतात. मग एखाद्या रात्री टेंभा लावून पोळे जाळले जाते.

त्यात आजाराची भीती. केरळात २०१८ साली निपाहने माणसे गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडे सापडली आणि पुढच्या वर्षी ते जाहीर झाल्यावर गावोगाव चर्चा झाली. त्याच २०२० च्या मे महिन्यात उत्तर प्रदेशात गोरखपूरजवळ वटवाघळे ढिगाने मेली तेव्हा लोकांना करोनाच आठवला. बरेलीच्या पशुवैद्यक संस्थेने तपासून सांगितले की ती उष्णतेने मेली. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात पारा किती चढतो हे वेगळे सांगायला नको. मोठ्या वटवाघळाला वर्षातून एकच पिल्लू होते, त्यामुळे अशी मर लवकर भरून येत नाही.

भीतीला उत्तर म्हणून सावधगिरी हवीच. वटवाघळाने उष्टावलेले फळ खाऊ नये. उघड्या मडक्यातली शिंदी किंवा नीरा कच्ची पिऊ नये. मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. पण झाड तोडून वसाहत हुसकावणे ही सावधगिरी नव्हे, उलट परिणामाची शक्यता जास्त. ऑस्ट्रेलियात वटवाघळांकडून घोड्यांना आणि घोड्यांकडून माणसांना होणाऱ्या हेंड्रा विषाणूचा २५ वर्षांचा तपशील अभ्यासून २०२२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निबंध आला. रानातली फुलणारी झाडे तुटली, अन्न आटले, तेव्हा वटवाघळे लहान टोळ्यांनी शेतांकडे आणि वस्तीकडे आली आणि आजार घोड्यांत उतरला. ज्या हिवाळ्यांत रानातली झाडे भरभरून फुलली, तेव्हा वटवाघळे तिकडे परत गेली आणि प्रसार थांबला. फुललेले झाड तिथे वटवाघळाचे पोट भरत होते आणि माणसाचे रक्षणही करत होते. बागेच्या नुकसानीलाही हेच लागू पडते. रानात उंबर-वड पिकलेले असतील तर थव्याला पेरूच्या जाळीत अडकायची हौस नसते.

कायद्याच्या यादीत कोण आहे?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणारी वटवाघळे उंदीर, घुशी आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. म्हणजे मारली तरी गुन्हा नाही. पन्नास वर्षे त्यांना हीच ओळख होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली. दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. चांगले झाले. पण वटवाघूळ कागदावर सुटले आणि त्याचे घर राहिले.

महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याला एक यादी जोडलेली आहे. त्यातली झाडे खासगी जमिनीवर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. साग, चंदन, खैर, हिरडा, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह वगैरे त्यात आहेत. लाकूड किंवा फळ म्हणून ज्यांची किंमत ती झाडे. वड, पिंपळ, उंबर त्या यादीत नाहीत. ज्यांना आपण देव मानतो, ज्यांना सूत गुंडाळतो, ती कायद्याला दिसत नाहीत. (वटपौर्णिमेला बाजारात फांद्या विकायला येतात, त्या कुठल्या वडाच्या असतात हे पाहा कधी.) नागरी भागासाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून जास्तीचे संरक्षण मिळाले. म्हणजे रिसोड नगर परिषदेच्या हद्दीतला जुना वड वारसा ठरू शकतो आणि हद्दीबाहेर चार पावलांवरचा, कदाचित त्याच पारंबीचा वड, जळाऊ लाकूड ठरतो.

पैशाचेही तसेच. राज्याने २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. खड्ड्याला निधी, रोपाला निधी, फलकाला निधी. उभ्या झाडाला काही नाही. केंद्राच्या मधमाशी आणि मध अभियानाला २०२० मध्ये ५०० कोटींची घोषणा झाली. त्यातून पेट्या, प्रशिक्षण, मध काढण्याची यंत्रे मिळतात आणि त्याला विरोध असण्याचे कारण नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हटले गेले, तिथे माणसांना रोजगार मिळतो. पण त्या गावाभोवती जंगल आहे. रिसोडच्या उघड्या काळ्या रानात पन्नास पेट्या ठेवल्या तर त्या माश्यांना मे महिन्यात साखरेचे पाणी पाजावे लागेल.

करण्यासारखे काय आहे ते फार अवघड नाही. १९६४ च्या यादीत वड, पिंपळ आणि उंबर ही तीन नावे घालायला विधिमंडळाचा एक दिवस पुरावा. पण नुसती बंदी घातली तर शेतकरी पुढचे रोप उगवतानाच उपटेल, हेही खरे. चिंच आणि मोहाच्या बाबतीत ते झाले आहे. म्हणून बंदीबरोबर मोबदला हवा. धुऱ्यावरच्या जुन्या वडाच्या सावलीने चार तास पीक बसते. ते नुकसान खरे आहे आणि ते एकट्याने सोसायचे कारण नाही, कारण त्या वडावरचा आग्या दहा शेतकऱ्यांच्या कांद्यावर जातो. नव्या रोपाला जो खर्च मंजूर होतो त्यातला थोडा उभ्या झाडाच्या मालकाला दरवर्षी द्या. ज्या बियाणे कंपन्या करारावर बीजवाई करून घेतात त्यांनाही यात हातभार लावायला सांगता येईल. बी त्यांच्याच पिशवीत जाते.

दुसरे काम गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी वही भरलेली आहे, पण ती कुणी तरी बाहेरून येऊन भरून दिली आहे. तीत गावातल्या वटवाघळांच्या वसाहतीचे झाड, आग्या बसणारी झाडे, जुने उंबर असे गट नंबरासह लिहिले, तर रस्ता रुंद करताना किमान एक कागद तरी आडवा येईल. करडा इथले कृषी विज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे. बीजवाईच्या शेतात माशी किती बसते, धुऱ्यावर झाडे असलेल्या शेतात किती आणि नसलेल्या शेतात किती, ही मोजणी दोन हंगामांत होऊ शकते आणि ती अशाच ठिकाणी व्हायला हवी. फवारणी मात्र उद्यापासून बदलता येते. फूल असताना शक्यतो नको, टाळता येत नसेल तर दिवस कलल्यावर. पेट्या ठेवलेल्या शेजाऱ्याला आदल्या दिवशी एक फोन.

सुरुवातीला ज्या शेतकऱ्याचे सांगितले त्याच्या पेट्या शेवटी आल्या, आठवडाभर उशिरा. त्याच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावर एक वड आहे, त्याचा आणि चुलतभावाचा सामायिक. वर आग्याची दोन पोळी आहेत आणि पिकायच्या दिवसांत रात्री वटवाघळे येतात. वडाकडच्या ओळींतले गोंडे जास्त भरले, असे तो सांगतो. मोजलेले नाही, पण झोडताना हाताला कळते म्हणतो. चुलतभावाला तिथे सरळ पट्टा हवा आहे. लाकूडवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. पाऊस पडायच्या आत ठरवू, असे दोघांचे बोलणे झाले आहे.